हन्नाबाईंचा दुसरा प्रश्न

मुलींच्या शाळेत जागेवरून भांडणं रोजचीच. खिडकीजवळचा बाक सगळ्यांना हवा. आम्ही बाकीच्या मास्तरणी दोघींनाही उभं करायचो, संपला विषय. हन्नाबाईंचं तसं नव्हतं. भूगोलाचा नकाशा गुंडाळून काखेत धरायच्या आणि विचारायच्या, "आधी कोण बसलं होतं?" अख्खा वर्ग ओरडून नाव सांगायचा. मग दुसरा प्रश्न यायचा, "आणि ती आता कुठं बसलीय?" की वर्ग चिडीचूप. कारण ती पोर बहुतेक वेळा दाराशी, चपलांच्या शेजारी, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि तिकडं कुणी बघितलेलंच नसायचं.

मला सुरुवातीला ह्याचा भारी वैताग यायचा. एका बाकासाठी एवढं कोर्ट कशाला, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. मी मुळात तापट, त्यात नोकरीत नवी. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "इंदू, पहिला प्रश्न सोपा असतो गं. त्याचं उत्तर प्रत्येकाकडं तयारच असतं."

हन्नाबाई ज्यू होत्या. आमच्या बेळगावात तेव्हा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. माझ्या आईनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पांढऱ्या नऊवारीत, घट्ट अंबाडा, बोलणं कोकणी वळणाचं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "ब्राह्मण म्हणावं तर मासे खातात, मराठा म्हणावं तर घरात देव्हारा नाही. मग ह्या कोण गं?" मी दुसऱ्या दिवशी त्यांना तस्संच विचारलं. तेव्हा मात्र त्या खदाखदा हसल्या. "आईंना सांग, आम्ही तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली." त्यांचे पूर्वज कुठल्याशा फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि तेल गाळून जगले, असं त्यांच्यात सांगत. त्यांच्या प्रार्थनेच्या घराला ते मशीदच म्हणत. बेळगावात तसं घर नव्हतं, म्हणून हन्नाबाई आपल्या टिळकवाडीच्या पडवीतच प्रार्थना करायच्या.

त्यांचा शनिवार म्हणजे शाळेला घोरच. सकाळची शाळा असायची. त्या चालत यायच्या, शिकवायच्या, पण खडूला हात लावायच्या नाहीत, कारण त्यांच्यात शनिवारी लिहायचं नसतं. फळ्यावर मुली लिहायच्या. एकदा तपासणीला आलेला साहेब नेमका शनिवारी त्यांच्या वर्गात शिरला. म्हणाला, "बाई, दक्षिणेतल्या नद्या काढून दाखवा." ह्या म्हणाल्या, "मुली काढतील." साहेब म्हणाला, "मी तुम्हाला सांगितलं." मी शेजारच्या वर्गातून दाराच्या फटीतून बघत होते. हेडबाई तर पांढऱ्याफटक. हन्नाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आठवड्याचे सहा दिवस सरकारचे. सातवा सरकारच्या आधीचा आहे." शेवटी एका भित्र्या पोरीनं उठून कृष्णा काढली, मलप्रभा काढली, घटप्रभा काढली, आणि हन्नाबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांची बढती गेली ती गेलीच. त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

अशी ही करारी बाई एका गोष्टीपुढं मात्र पार विरघळायची. नकाशात भूमध्य समुद्राच्या उजव्या कडेला पॅलेस्टाइनची चिंचोळी पट्टी आहे. तिथं आल्या की त्यांची छडी थांबायची. आवाज खाली यायचा. गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा त्यांचा वल्हांडण सण, त्या दिवशी दर साली म्हणतात, पुढलं वर्ष यरुशलेमेत. त्यांचे वडील जुन्या मताचे. युरोपातल्या ज्यूंनी परत जायची चळवळ सुरू केली तेव्हा वडील म्हणाले होते, देव नेईल तेव्हा जाऊ, त्याला कमिटी कशाला? हन्नाबाई हे सांगायच्या आणि पुढं म्हणायच्या, "मी बाबांना म्हणायची, देव एकटा किती करणार? जरा हातभार लावू की." पहिल्या लढाईत विलायतेच्या सरकारनं ज्यूंना तिथं घर देऊ असा शब्द दिला, तेव्हा ह्यांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले होते म्हणे. सरकारनं शब्द दिला तो कुणाच्या घराचा, हे कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

त्यांचा नवरा सरकारी मोजणी खात्यात होता. बदलीवर इकडं आला, बेळगाव आवडलं, बेळगुंदीला थोडं भाताचं शेत घेतलं आणि दानीएल रांगता असतानाच तापानं गेला. शेत कसायचा परसूअण्णा. म्हणजे त्याचा आजा कसायचा, बाप कसायचा, मालक तेवढे बदलत गेले. आमच्याकडं तसंच असतं. शेत विकलं जातं, कूळ तिथंच राहतं. नव्या मालकाला वर्षाचा खंड घालायचा, सणाला भेटायचं, झालं.

सुगी झाली की परसूअण्णा पहिला नमस्कार घालायला यायचा तो नव्या भाताचे पोहे घेऊन. त्याची बायको गौराक्का ते स्वतः कांडायची. त्या पोह्यांचा हन्नाबाई मलिदा करायच्या. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं मांडायची आणि एलिया नावाच्या त्यांच्या संदेष्ट्याची आठवण करायची. नवस फेडायचा असो, प्रवासाला निघायचं असो, त्यांच्यात मलिदा हवाच. हन्नाबाई प्रार्थना म्हणायच्या आणि परसूअण्णा टोपी घालून पुढं बसायचा. मला ते बघून गंमत वाटायची.

आणि मलिदा खाऊन झाला की परसूअण्णाची गोष्ट ठरलेली. पहिल्या लढाईत तो पलटणीबरोबर पॅलेस्टाइनला गेला होता. हन्नाबाईंनी जो मुलूख छडीनं दाखवला तो ह्यानं पायानं तुडवला होता.

"डोंगराच्या पायथ्याला एक गाव हुतं बाईसाब. दगडी काठाची हीर, आन् म्होरं खळं, गव्हाचं. तान्हेनं जीव चाललेला आमचा. एक बाई आली. पाठीला प्वार बांधल्यालं, डोस्क्यावर भाकऱ्या. आपल्या भाकरीवानीच, जरा पातळ. कोन रं तुमी, कुटलं, कायबी इचारलं न्हाई. दिली. लई ऊन हुती, बोटं भाजली माजी."

हन्नाबाई ही गोष्ट दर साली नव्यानं ऐकायच्या. शेवटी म्हणायच्या, "त्या खोऱ्यात माझ्याही पाटल्या आहेत परसूअण्णा."

त्याचं असं झालं होतं. मुंबईत मावसबहिणीकडं एकदा युरोपातला कुणी पाहुणा व्याख्यान द्यायला आला होता. डोंगराखालचं मोठं खोरं विकत घ्यायचंय, मदत करा, असं सांगत होता. हन्नाबाईंनी दुभाष्याकडून विचारलं, तिथं शेत कोण करतं? तो म्हणाला, अरब कुळं. मालक बैरूतला राहतो आणि विकायला तयार आहे. हन्नाबाईंना वाटलं, म्हणजे आपल्यासारखंच. मालक बेळगावात, कूळ बेळगुंदीत. मालक बदलेल, बाकी सगळं तसंच राहील. त्यांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या तिथल्या तिथं उतरवून दिल्या. हे मला त्यांनी फार अभिमानानं सांगितलं होतं. आणि खरं सांगते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बेळगावच्या कुठल्याही माणसाला दुसरं काही वाटलंच नसतं.

दुसऱ्या लढाईत दानीएल लष्करात स्टोअरकीपर म्हणून गेला आणि त्याची नेमणूक हैफा बंदरात झाली. सत्तेचाळीसच्या गणपतीत तो सुटून आला तो वेगळाच होऊन. गेला तेव्हा लाजरं पोरगं होतं, आईच्या मागं मागं करणारं. आला तो ताठ, उन्हानं रापलेला, डोळ्यांत काहीतरी पेटलेलं. तिकडं कायमचं राहायला जाणाऱ्या तरुणांची एक तुकडी मुंबईत तयार होत होती, त्यात त्यानं नाव घातलं होतं. आईलाही नेणार होता. बेळगुंदीचं शेत विकायचं, त्यात दोघांचा प्रवास आणि तिकडची सुरुवात. हन्नाबाईंचा आनंद काय सांगू! शाळेत त्यांनी आधीच सांगून टाकलं, पत्र्याची पेटी काढली, तांब्याची भांडी शेजारणींना वाटायला सुरुवात केली. मला एक पातेलं दिलं. मी रडले, त्या नाही रडल्या.

दानीला भेटायला परसूअण्णा काकड्या आणि मक्याची कणसं घेऊन आला. मी पडवीत बसून त्याच पेटीत घालायच्या साड्यांच्या घड्या करत होते. परसूअण्णानं सवयीनं आपली गोष्ट काढली. डोंगर, विहीर, खळं.

"कळलं कुठलं ते," दानी खुशीत म्हणाला. "मी जाऊन आलोय अण्णा. आता आपली वसाहत आहे तिथं. संत्री आहेत, गोठा आहे. पूर्वी नुसती दलदल होती."

"दलदल? आन् खळं?"

"खळं नाही आता."

"आन् मानसं?"

दानीनं कणीस खाली ठेवलं. "जमीन रीतसर घेतली अण्णा. बैरूतच्या मालकाला हवी ती किंमत मोजली. कुळांनाही काहीबाही देऊन उठवलं."

"उठवलं म्हणजे?" हन्नाबाई आतून बाहेर आल्या. हात पिठाचे तसेच.

"म्हणजे उठवलं, आई. आपली जमीन आपण स्वतः कसायची, असा नियमच आहे तिथं. कुळं ठेवून कसं चालेल?"

"मालक बदलला म्हणून कूळ..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मी त्यांच्या हातांकडं बघितलं. पाटल्या उतरवल्यापासून त्या हातांत त्यांनी पुन्हा काही घातलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, अगदी वर्गात विचारायच्या तसंच, "ती आता कुठं बसलीत?"

"आई, हा वर्ग नाही!" दानी उसळलाच. "तुला काय माहीत मी काय बघून आलोय? बंदरात एक गलबत आलं होतं. युरोपातल्या मारछावण्यांतनं जीव वाचवून आलेली आपली माणसं. माणसं कसली, हाडं. एका बाईच्या हातावर आकडा गोंदलेला, जनावरावर डाग द्यावा तसा. तिचं सगळं घर मारलेलं. आणि आमच्याच गोऱ्या साहेबांनी ते गलबत परत फिरवलं. ती धक्क्याकडं हात करून ओरडत होती आणि मी पोत्यांची मोजदाद करत उभा होतो. तिनं कुठं बसायचं, सांग! तिला कुठल्या बाकावर बसवतेस?"

तो एक शब्दही खोटं बोलत नव्हता. परसूअण्णा जमिनीकडं बघत बसला. हन्नाबाईंनी पिठाच्या हातांनीच डोळे पुसले, गालाला पीठ लागलं.

"तिला जागा द्यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "साऱ्या जगानं द्यायला पाहिजे, मी देते माझ्या घरात. पण जिनं परसूअण्णाला भाकरी दिली, तिला उठवून?"

दानी उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून घरात दोघं माणसं असून आवाज कसला तो भांड्यांचाच.

तरी त्या जाणारच होत्या, हे लक्षात घ्या. पोर एकुलतं एक आणि आयुष्यभराची आस. पेटी भरलेलीच होती. दानीनं निपाणीचा एक तंबाखूचा व्यापारी गाठला होता. त्याला पैसा कुठंतरी घालायचा होता आणि त्याची एकच अट होती, शेत मोकळं हवं. कूळ नको. कुळांच्या बाजूनं कायदे व्हायची बोलणी चालली होती, त्यामुळं जो तो जमीनवाला त्या वर्षी कुळांना हुसकत होता. दानीनं हो म्हणून टाकलं होतं. आईला त्यानं हे सांगितलंच नव्हतं, पण बेळगुंदीत ते पोचायला कितीसा वेळ! एक दिवस गौराक्का शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. "बाईसाब, तुमी प्येटी भरली म्हनं. आमी कशात काय भरायचं तेवढं सांगा," म्हणाली आणि तशीच परत फिरली. हन्नाबाई त्या दिवशी वर्गावर गेल्या आणि तासभर एक शब्द शिकवला नाही. मुली भिऊन बसून राहिल्या.

भाताची मळणी सुरू झाली होती तेव्हाच तिकडची बातमी आली. साऱ्या देशांच्या सभेनं पॅलेस्टाइनचे दोन तुकडे करायचं ठरवलं. आपल्याकडच्या फाळणीचे बैलगाड्यांचे तांडे पेपरात रोज दिसत होते, त्यात ही भर. दानी आनंदानं नाचायचा बाकी राहिला. त्याच आठवड्यात व्यापारी शेत बघायला यायचा होता. हन्नाबाई मला म्हणाल्या, "इंदू, तू चल. मला कुणीतरी माझं माणूस पाहिजे."

हिंडलग्याचा तुरुंग उजव्या हाताला टाकून आमची गाडी बेळगुंदीला पोचली. खळ्यावर परसूअण्णा भात वारवत होता. आम्हांला बघून त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. गौराक्का खोपीच्या दारात उभी. व्यापाऱ्यानं बांधावरून एक चक्कर मारली, माती चिमटीत घेतली, झटकली.

"झ्याक हाय. कब्जा कधी मोकळा मिळंल बाई?"

"मोकळा कुठं आहे?" हन्नाबाई म्हणाल्या. "माणसं आहेत की. दिसत नाहीत का?"

"आवो, बोलणं काय झालतं?" तो दानीकडं वळला.

"आई," दानी दबक्या आवाजात म्हणाला, "आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय. शेटजी, शेत घ्यायचं तर परसूअण्णासकट घ्या. त्याच्या आजापासून तो आहे, मी तुमच्यासारखीच मागनं आलेली. तसं नको असेल तर राम राम."

व्यापाऱ्यानं धोतराचा सोगा झटकला, अर्धा दिवस फुकट गेला म्हणून दानीला चार शब्द सुनावले आणि तो निघून गेला. दानी आईकडं वळला. मला वाटलं आता हा काय करतोय कोण जाणे.

"तो नकाशा मला कुणी दाखवला?" तो ओरडला. "माझं बोट धरून त्या पट्टीवर कुणी फिरवलं? तू! आणि आज मी निघालोय तर तू ह्यांच्यासाठी मागं राहतेस? हे तुझे कोण?"

"मीच दाखवला," हन्नाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं भूगोल शिकवला रे मी. नकाशात माणसं काढलेली नसतात, एवढं मेलं माझ्या ध्यानात आलं नाही. तू जा. ती गलबतातली बाई तुला दिसलीय, तू थांबणार नाहीस, मला कळतं. पण ह्यांना उठवून मिळालेल्या पैशानं मी तिथं जाऊन बसणार नाही. माझ्या पाटल्यांनी एकदा उठवलंय कुणाला तरी. बास झालं."

तेवढ्यात परसूअण्णा मध्ये बोलला. "बाईसाब, प्वार येकलंच हाय तुमचं. आमी बगू कायतरी, हिकडं तिकडं. पोराला सोडू नगा."

"तुम्ही गप्प बसा!" हन्नाबाई त्याच्यावर एवढ्या जोरात ओरडल्या की खळ्यावरच्या चिमण्या उडाल्या. मग त्या तिथंच भाताच्या राशीशी खाली बसल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा हमसून रडताना पाहिलं. दानी लांब बांधावर पाठ करून उभा होता. तो जवळ आला नाही.

तुकडीनं त्याच्या एकट्याच्या प्रवासाची सोय केली. बेळगाव स्टेशनवर पोचवायला आम्ही तिघं, हन्नाबाई, मी आणि परसूअण्णा. माझी निपाणीच्या शाळेत बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी मलाही निघायचं होतं. म्हणून मला झालेलं त्यांचं हे शेवटचं दर्शन. पुन्हा मी बेळगावला आले तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या.

प्रवासाला निघताना करायचा मलिदा त्यांनी केला नव्हता. गौराक्कानं कांडलेले पोहे मात्र फडक्यात बांधून त्यांनी दानीच्या हातात दिले. "मलिदा तू परत आलास की," म्हणाल्या. तो वाकून पाया पडला. आठवडेच्या आठवडे अबोला धरलेला तो पोरगा आईच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"दानी, एवढं एक ऐक. तिकडं तुला राहायला घर देतील. आत पाय टाकायच्या आधी चुलीत हात घालून बघ. राख ऊन असली तर आत जाऊ नकोस."

तो पोहे घेऊन डब्यात चढला. गाडी सुटली. पुढल्या वर्षी तिकडं अरबांची गावंच्या गावं उठली, लोक घरांच्या किल्ल्या कनवटीला लावून चालत निघाले, ते मी निपाणीत पेपरात वाचलं. दानीनं चूल बघितली का, ते मला ठाऊक नाही.

स्टेशनाबाहेर परसूअण्णाची बैलगाडी उभी होती. हन्नाबाई चढून बसल्या. मी त्यांचा हात धरून खाली उभी होते, माझ्याच्यानं सोडवेना. परसूअण्णानं कासरा हातात घेतला तसं त्यांनी त्याला विचारलं, "परसूअण्णा, त्या भाकरीवाल्या बाईचं नाव काय होतं?"

परसूअण्णानं कासरा ढिला सोडला.

"म्या इचारलंच न्हाई बाईसाब," तो म्हणाला. "भुकेच्या वक्ताला कोन इचारतंय नाव?"

"पाटल्या दिल्या तेव्हा मी तर पोटभर जेवलेली होते," हन्नाबाई म्हणाल्या. "मीही नाही विचारलं. चला."